किनाऱ्यासाठी तीन अर्ज

गावात कोणाला कचेरीत अर्ज द्यायचा असला की लिहायला शिक्षकाला धरतात. आम्ही उर्दू शाळेत शिकवतो, पण मराठीही बरी लिहितो, म्हणून आमच्या आजोळच्या गावात हे काम बरीच वर्षे आमच्याकडेच आहे. रेशनकार्डात नाव चढवणे, एसटीची फेरी वाढवून मागणे, विजेचा खांब हलवून मागणे, असे किती अर्ज लिहिले त्याचा हिशेब नाही. त्यांतले तीन मात्र विसरता येत नाहीत. तिन्ही समुद्राबद्दलचे होते. आणि तिसरा लिहायला बसलो तेव्हा कळले की पहिला आम्ही चुकीचा लिहिला होता.

या सदरात आम्ही बहुधा मुलांचा अभ्यास, परीक्षा, घरखर्च यांवर लिहितो. या वेळी समुद्रावर लिहितो आहोत, कारण या मासिकाची पुष्कळ घरे रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर आहेत आणि पावसाळा महिन्यावर आला आहे. आमची चूक दुसऱ्या गावाने पुन्हा करू नये, एवढाच हेतू.

आमचे आजोळ रत्नागिरी जिल्ह्यात, एका लहान खाडीच्या तोंडाशी. दक्षिणेला खाडी, पश्चिमेला पुळण. पुळणीला लागून मोहल्ला, मोहल्ल्याच्या उत्तरेला कब्रस्तान आणि त्यापलीकडे खारवीवाडी. लहानपणी सुट्टीत गेलो की नानीच्या पडवीतून समुद्र ऐकू यायचा, दिसायचा नाही. मध्ये वाळूचा उंच दांडा होता. त्यावर केवड्याचे बन आणि पुढच्या उतारावर जांभळ्या फुलांची मर्यादवेल पसरलेली. नानी म्हणायची, केवड्यात साप असतात, तिकडे जाऊ नका. आम्ही जायचो.

आज त्याच पडवीत चहा घ्यायला बसले की समोर लाटा दिसतात. मुंबईहून येणारे पाहुणे म्हणतात, "खाला, काय नजारा आहे तुमच्या घरातून!" खाला काही बोलत नाही, कप उचलून आत जाते.

पहिला अर्ज

२००९ च्या पावसाळ्यात उधाणाचे पाणी पहिल्यांदा मोहल्ल्याच्या अंगणात आले. चुली विझल्या, दोन विहिरींचे पाणी मचूळ झाले. त्या शुक्रवारी जमातीची बैठक बसली. कुवेत आणि दुबईत असलेल्या मंडळींचे फोन आले, पैशाची मदत लागली तर सांगा म्हणाले. बैठकीत दुसरा विचार झालाच नाही. सर्वांचे एकच म्हणणे होते, दगडी बंधारा पाहिजे. कोणीतरी आमच्याकडे कागद सरकवला. "सर, तुम्ही लिहा. तुमची भाषा चांगली आहे."

आम्ही लिहिले: "विषय : मोहल्ल्यासमोरील किनाऱ्यावर धूपप्रतिबंधक बंधारा बांधून मिळणेबाबत." दीड पान भरले. मशीद, मदरसा, घरांची संख्या, विहिरी, सर्व आले. कब्रस्तानाच्या अलीकडे बंधारा थांबावा असे आम्हीच लिहिले, कारण तिथवर मोहल्ल्याची हद्द होती. खारवीवाडीला विचारावे हे आमच्या डोक्यात आले नाही.

चार वर्षे हेलपाटे घातल्यावर बंधारा झाला. काळ्या दगडांची रास पुळणीवर उभी राहिली, पेढे वाटले गेले. पुढचे दोन पावसाळे पाणी अंगणात आले नाही. लोक आम्हाला दुआ देत आणि आम्ही त्या घेतही असू.

तिसऱ्या वर्षी लक्षात आले की बंधाऱ्यापुढची पुळण उरलेली नाही. पूर्वी ओहोटीला पोरे जिथे क्रिकेट खेळत, तिथे ओहोटीलाही पाणी असे. आणि पाचव्या वर्षी बंधाऱ्याचे दगड एकेक करून खाली बसू लागले.

पुळण म्हणजे काय

हे असे का होते, ते आम्ही नंतर वाचून आणि विचारून समजून घेतले. आधी घेतले असते तर बरे झाले असते.

पुळण ही अंगणासारखी एका जागी बसलेली जमीन नाही, ती चालती वाळू आहे. पावसाळ्यातल्या उंच, जोरकस लाटा किनाऱ्याची वाळू ओढून नेतात आणि थोड्या अंतरावर पाण्याखाली तिचा बांध रचतात. मागाहून येणाऱ्या लाटा त्या बांधावर फुटतात, त्यांचा जोर तिथेच निम्मा होतो. दिवाळीनंतर समुद्र शांत झाला की हलक्या लाटा तीच वाळू हळूहळू परत आणून टाकतात. म्हणून जुलैत पुळण खरवडलेली दिसली तर लगेच घाबरायचे नाही. जानेवारीपर्यंत ती भरून आली नाही आणि असे वर्षामागून वर्ष होत राहिले, तर त्याला धूप म्हणायचे.

वाळू किनाऱ्याला समांतर, आडवीही चालते. लाटा किनाऱ्यावर तिरक्या येतात आणि वाळू एका गावाकडून दुसऱ्या गावाकडे सरकवत नेतात. ही वाळू येते मुख्यतः नद्या-खाड्यांतून. आणि उंच दांड्यात साठलेली वाळू म्हणजे किनाऱ्याची शिल्लक. मोठे वादळ आले की समुद्र त्या शिलकीतून घेतो, मागच्या घरांना हात लावत नाही. केवडा आणि मर्यादवेल ती शिल्लक मुळांनी धरून ठेवतात. मर्यादवेल हे नाव ज्याने ठेवले त्याला हे कळलेले असावे.

आता दगडी बंधारा काय करतो ते पाहा. तो मागची जमीन राखतो, पुढची पुळण राखत नाही. मऊ उतारावर लाट चढते, पसरते आणि दमते. दगडावर ती आपटते आणि परत फिरताना पायथ्याची वाळू खरवडून नेते. पुळण खाली गेली की पाणी खोल होते आणि खोल पाण्यात लाट अधिक मोठी येऊ शकते. पायथा पोकळ झाला की दगड खचतात. दुरुस्ती करायची, पुन्हा खचायचे. रत्नागिरीजवळच्या मिऱ्याचा बंधारा वर्षानुवर्षे असाच पावसाळ्यात ढासळत आणि नंतर डागडुजी होत आला, हे जिल्ह्यात सर्वांना ठाऊक आहे.

आणखी एक गोष्ट होते, ती सर्वांत वाईट. बंधारा जिथे संपतो तिथे पाणी वळसा घेते आणि शेजारची उघडी जमीन खाऊ लागते. आमचा बंधारा कब्रस्तानाच्या अलीकडे संपत होता.

दुसरा अर्ज

दुसरा अर्ज लिहून घ्यायला खारवीवाडीतले एक वृद्ध तांडेल आमच्याकडे आले. नानाजींच्या वयाचे, दोघांनी एका होडीवर काम केलेले. ओट्यावर बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, "सर, तुमचा बंधारा तुमच्या दारात संपत नाय. तो आमच्या दारात संपतो."

आम्ही त्यांच्याबरोबर चालत गेलो. बंधाऱ्याच्या टोकाला किनारा अर्धचंद्रासारखा आत गेलेला होता. कब्रस्तानाच्या गडग्याचा कोपरा पडला होता. पलीकडे खारवीवाडीतल्या पहिल्या तीन घरांची अंगणे गेलेली, एका घराचे जोते उघडे पडलेले. मासळी सुकवायची जागा उरली नव्हती. होड्या वर ओढायला पुळण नव्हती, म्हणून पावसाळ्यात त्या खाडीत दूर नेऊन बांधाव्या लागत आणि रात्री राखणीला माणूस ठेवावा लागे. तांडेल चिडून बोलले नाहीत. एकेक वस्तू दाखवत गेले, एवढेच. आम्हाला मान वर करवेना.

असे एका गावातच होते असे नाही. पुदुच्चेरीचे उदाहरण अभ्यासकांमध्ये प्रसिद्ध आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तिथे बंदरासाठी समुद्रात आडव्या भिंती बांधल्या. त्या किनाऱ्यावर वाळू मुख्यतः दक्षिणेकडून उत्तरेकडे चालते. भिंतींमुळे ती दक्षिणेला अडकली आणि उत्तरेला शहरासमोरची पुळण नाहीशी झाली. शहर वाचवायला दगड टाकले, तेव्हा धूप आणखी उत्तरेच्या मच्छीमार गावांकडे सरकली. त्या गावांनीही दगड मागितले. धूप दगडांच्या पुढे पुढे चालत राहिली. अनेक वर्षांनी चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने तिथे पाण्याखाली एक अडथळा उभारला, जोडीला वाळूही टाकली, तेव्हा शहरासमोर पुळण पुन्हा दिसू लागली.

म्हणजे बंधारा कधीच मागू नये का? तसे नाही. मालवणजवळचे देवबाग एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली खाडी यांच्या मधल्या चिंचोळ्या वाळूच्या पट्टीवर वसले आहे. अशा गावाला मागे सरकायला जागाच नाही, तिथे दगड लागतात. पण बंधारा मागताना तो कुठे संपणार आणि संपतो तिथे कोण राहते, हा प्रश्न अर्जाच्या पहिल्या ओळीत असला पाहिजे. आमच्या दीड पानांत तो नव्हता.

वाळू कोणी नेली

चूक फक्त अर्जाची असती तरी बरे होते. नानीच्या घराला १९८८ मध्ये दोन खोल्या वाढवल्या. त्यांची वाळू आली समोरच्या दांड्यावरून, बैलगाडीने. आम्ही शाळकरी पोर होतो, गाडीत बसून मजेत गेलो होतो. तेव्हा गावात प्रत्येक घर असेच बांधले गेले. आखातातून पैसा येत होता, कौले जाऊन स्लॅब पडत होते, आणि वाळू फुकट होती. केवडा तोडून वाट केली, त्या वाटेने गाड्या गेल्या. पुढे खाडीत सक्शन पंप आले आणि ट्रक भरून वाळू शहरांकडे जाऊ लागली. नद्यांवर वर धरणे झाली, तिथेही वाळू अडली. किनाऱ्याला जी वाळू मिळायची ती तीन ठिकाणी कमी झाली, आणि शिल्लक होती ती आपण घराच्या भिंतींत घातली.

समुद्रही वाढतो आहे, हे खरे आहे. १९०१ पासून जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटर वाढली आहे आणि हल्ली ती वर्षाला साडेतीन मिलिमीटरहून अधिक वेगाने वाढते. उंबरठ्याची उंची जेवढी असते तेवढी ही वाढ. सपाट पुळणीवर तेवढ्याने पाणी बरेच आत येते. पण गावातल्या प्रत्येक पडझडीचे खापर दूरच्या कारखान्यांवर फोडून भागत नाही. राष्ट्रीय तटीय संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातील उपग्रह चित्रांवरून काढलेल्या निष्कर्षानुसार भारताच्या मुख्य भूमीचा सुमारे एक तृतीयांश किनारा झिजतो आहे. पश्चिम बंगालचा सुमारे साठ टक्के, महाराष्ट्राचा सुमारे पाव हिस्सा. म्हणजे आपला पाऊण किनारा अजून स्थिर आहे किंवा वाढतो आहे. तो तसा का राहिला आहे, तेही पाहिले पाहिजे. जिथे दांडे शाबूत आहेत, खाडीच्या कडेला तिवर-चिपीची कांदळवने उभी आहेत, तिथे पाण्याचा जोर आधीच मोडतो.

चाँदची तारीख आणि भरती

आता थोडे आपल्या घरातल्या कॅलेंडरबद्दल. आपल्या घरांत इस्लामी तारखांचे कॅलेंडर भिंतीवर असतेच. ते समुद्राचेही कॅलेंडर आहे, हे मुलांना सांगितले पाहिजे.

भरती-ओहोटी चंद्रावर चालते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास चंद्र आणि सूर्य यांची ओढ एकत्र होते, तेव्हा मोठी भरती, म्हणजे उधाण. चाँद दिसल्यापासून तीन-चार तारखेपर्यंत आणि पुन्हा चौदा ते सतरा तारखेपर्यंत उधाणाचे दिवस. आठ-दहा आणि तेवीस-पंचवीस या तारखांच्या आसपास भांगाची भरती, म्हणजे लहान. उधाणाच्या दिवसांत आपल्या किनाऱ्यावर पूर्ण भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आगेमागे येते. पुढे रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा. एवढे माहीत असले की कोणत्या रात्री जागे राहायचे ते कळते.

अलीकडची तीन संकटे आठवून पाहा, आपल्याला ती ईदच्या हिशेबानेच आठवतात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले, तेव्हा रमजान ईद होऊन नऊ दिवस झाले होते. श्रीवर्धन, मुरूड, दापोली, मंडणगडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले, तो शव्वालचा तिसरा दिवस. आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडाले, ती बकरी ईदच्या दुसऱ्या दिवसाची पहाट. पौर्णिमा दोन दिवसांवर होती, भरती चढत होती. वाशिष्ठीला वरून पावसाचे पाणी येत होते आणि भरतीच्या वेळी खाडी ते उतरू देत नव्हती. ईदचे कपडे दोरीवर तसेच राहिले आणि माणसे पहिल्या मजल्यावरून छपरावर गेली.

किनाऱ्यावरचा पूर बहुधा असाच येतो. एकट्या पावसाने येतो त्याहून पाऊस आणि भरती जुळली की अधिक येतो. वादळात हवेचा दाब घटतो, दर एक मिलिबारला पाणी साधारण एक सेंटिमीटर फुगते, आणि वारा ते किनाऱ्याकडे लोटतो. म्हणून हवामान खात्याचा इशारा ऐकला की भिंतीवरची चाँदची तारीख पाहायची. बंदरावर बावटा कितव्या नंबरचा लागला आहे ते विचारायचे. हैदराबादची 'इन्कॉइस' ही संस्था उंच लाटांचे इशारे देते, ते तलाठी आणि ग्रामपंचायतीकडे येतात. मुंबईत साडेचार मीटरहून उंच भरतीचे दिवस पावसाळ्याआधीच जाहीर होतात. कुर्ला, वांद्र्याच्या खोलगट वस्त्यांतील वाचकांनी ते कापून फ्रिजवर चिकटवावेत.

कागद

निसर्गानंतर पंचनामे झाले, तेव्हा आमच्याच घरात एक गोष्ट उघडी पडली. नानीचे घर नानाजींच्या नावावर होते. नानाजी जाऊन वीस वर्षे झाली होती. वारसांपैकी एक मामू कुवेतला, एक मुंब्र्याला, दोन खाला सासरी. वारसनोंद कोणीच केली नव्हती. छप्पर उडाले खालाचे, पण मदत कोणाच्या खात्यात घालायची हे ठरेना. सात महिने संमतीपत्रे गोळा करण्यात गेले. यात कोणा अधिकाऱ्याचा दोष नव्हता, आमचा होता. आम्ही गावाचे अर्ज लिहीत होतो आणि आपल्या घराचा कागद पाहिला नव्हता.

म्हणून पावसाळ्याआधी हे करा. घरपट्टी आणि सातबारा हयात माणसांच्या नावावर आहे का ते पाहा. बहिणींची नावे त्यात आली पाहिजेत, तो त्यांचा हक्क आहे. घराचे चारही बाजूंनी फोटो काढून मुंबईतल्या किंवा परदेशातल्या नातेवाइकाच्या फोनवर पाठवून ठेवा. आधार, पासबुक, शाळेचे दाखले, निकाहनामा, औषधाची चिठ्ठी एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरातल्या सर्वांत उंच फळीवर ठेवा. आजारी, वृद्ध आणि गरोदर बाई यांना कोणाच्या घरी, कोणत्या गाडीने न्यायचे ते आजच ठरवा. उधाणाच्या रात्री ठरत नाही.

तिसरा अर्ज

तिसरा अर्ज गेल्या वर्षी लिहिला. या वेळी बैठक जमातीची नव्हती, खारवीवाडीचीही नव्हती. ग्रामसभा होती. सुरुवातीला बरेच वाद झाले. आमच्यातल्या काहींना वाटत होते, बंधारा आणखी उंच करून मागावा. खारवीवाडीला आपल्यासमोरही बंधारा हवा होता. तांडेल म्हणाले, मग पुढच्या गावाने काय करायचे? त्यानंतर वाद थोडे कमी झाले.

अर्जाचा विषय लिहायलाच अर्धा तास लागला. शेवटी असा लिहिला: "खाडीच्या मुखापासून उत्तरेच्या टेकडीपर्यंतच्या संपूर्ण किनाऱ्याची पाहणी करून उपाययोजना करणेबाबत." मोहल्ला आणि वाडी हे दोन्ही शब्द विषयात नाहीत. आत मुद्दे लिहिले. बंधाऱ्याचे उघडे टोक एकदम न थांबवता उताराने उतरवावे. होड्या ओढायला मध्ये वाट सोडावी. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर किनारा मोजावा. गावातले पऱ्ये आणि मोऱ्या मोकळ्या कराव्यात, म्हणजे आत आलेले पाणी बाहेर जाईल. खारभूमीच्या बांधाला पडलेल्या खांडी बुजवून उघाडीची दारे बदलावीत. शाळेची इमारत उंचावर आहे, तिला निवाऱ्यासाठी पाण्याची टाकी आणि वेगळी स्वच्छतागृहे द्यावीत. पुढच्या ओळीतल्या ज्यांना मागे जायचे आहे, त्यांना गावठाणात जागा द्यावी.

आणि जे सरकारकडे मागायचे नाही, ते ठराव म्हणून वेगळे लिहिले. पुळणीवरून कोणीही वाळू उचलायची नाही, घराला नाही आणि कब्रस्तानाच्या कामालाही नाही. खाडीकाठची तिवरे तोडायची नाहीत. दांडा उरला आहे तिथे गुरे आणि गाड्या न्यायच्या नाहीत. पहिल्या पावसात केवडा आणि मर्यादवेल लावायची. सुरूची झाडे पटकन वाढतात, पण निसर्ग वादळात ती रांगांनी मुळांसकट पडलेली सर्वांनी पाहिली होती, म्हणून नुसत्या सुरूवर भिस्त ठेवायची नाही.

अर्जाला पोच मिळाली. पाहणीला माणसे एकदा येऊन गेली आहेत. पुढचे अजून व्हायचे आहे, हेलपाटे चालू आहेत. ठरावातली कामे मात्र कोणाची वाट न पाहता सुरू झाली. मागच्या पावसात लावलेल्या केवड्यांपैकी निम्मे जगले.

मोजणीचे काम आमच्या शाळेच्या मुलांनी आणि वाडीवरच्या मराठी शाळेच्या मुलांनी वाटून घेतले आहे. कब्रस्तानाच्या फाटकाचा खांब ही एक खूण, वाडीतल्या देवळाची पायरी ही दुसरी. तिथून भरतीच्या ओल्या रेषेपर्यंत दोरीने मोजायचे आणि वहीत लिहायचे. यात एक अडचण मुलांनीच काढली. इस्लामी महिने ऋतूंबरोबर चालत नाहीत, मागे मागे सरकतात. आज ईदला मोजले तर काही वर्षांनी ती मोजणी भर पावसाळ्यात येईल आणि पुळण कमी दिसेल. म्हणून ठरले की तारीख चाँदची, ऋतू इंग्रजी महिन्याचा. नोव्हेंबरात येणारी चाँदची पंधरा तारीख आणि मे महिन्यात येणारी पंधरा तारीख. आपल्याही गावात कोणी मोजणार असेल तर हीच पद्धत ठेवा. पाच वर्षांची वही हातात असली की अर्जाला वजन येते.

नानीचे घर

राहिले नानीचे घर. तौक्तेच्या वेळी बंधाऱ्यावरून पाणी पडवीत आले आणि मागच्या खोलीची भिंत फुगली. कुवेतच्या मामूंचे म्हणणे होते, त्याच जोत्यावर पक्के आरसीसी घर बांधू, पैसे मी देतो. प्रेमाने म्हणत होते. पण २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेप्रमाणे भरतीरेषेपासून ठराविक अंतरात, दाट वस्तीच्या गावांत ५० मीटर आणि इतर गावांत २०० मीटर, नवे बांधकाम करता येत नाही. असलेल्या अधिकृत घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी तेवढी, तीही वाढ न करता, चालते. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, काँक्रीटच्या घराखालचीही वाळूच आहे.

डोंगराच्या पायथ्याशी आमची थोडी जमीन होती. तिथेही घाई केली नाही. २२ जुलै २०२१ लाच महाडजवळ तळीये गावावर दरड कोसळली, ते विसरण्यासारखे नाही. उतार सोडून, वरच्या कातळाच्या सपाटीवर जागा पाहिली. लहान घर आहे, तीन खोल्या आणि पडवी.

खाला तयार होईल असे कोणालाच वाटत नव्हते. तिचा जन्म त्या घरातला, नानीचा जनाजा त्या अंगणातून निघालेला. मामू फोनवर रडले, ती रडली नाही. म्हणाली, "भाई, तू तिकडून घर बघतोस. मी रात्री पाणी बघते." जुन्या घराचे दरवाजे, वासे आणि जांभे दगड नव्या घराला वापरले. जुने जोते तसेच ठेवले आहे आणि त्याच्या पुढे केवडा लावला आहे.

सामान हलवले त्या दिवशी ती पडवीत उभी राहून कान देऊन ऐकत होती. दुपारची भरती होती. मग म्हणाली, "बेटा, इथून दिसत नाही. पण ऐकू येतो. आम्मीच्या वेळी येत होता तसाच."